मुलाखतीचे तंत्र: वर्गात शिकावे की माणसांत?

इंटरनेटवरचाच मजकूर फिरवून लिहिण्याचा कंटाळा आल्यावर, माणसांना भेटून आणि बोलते करून स्वतःचे काही लिहावे, असे मला वाटू लागले. त्यासाठी पत्रकारांचे मुलाखतीचे तंत्र शिकायचे, तर दोन वाटा समोर होत्या: शनिवार-रविवारचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, किंवा दर पंधरवड्याला एकाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून तिचे शब्दांकन स्वतःच करणे. मी आधी पहिली वाट धरली आणि मग दुसरी. हा अनुभव एकट्याचा आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे.

वर्गाचे ऋण मी नाकारणार नाही. बदनामीचा कायदा, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, मला तिथेच समजला. एखादी गोष्ट खरी असणे पुरेसे नसते, ती जाहीर करणे लोकहिताचेही असावे लागते, हे घरी बसून माझ्या लक्षात आले नसते. नाव न छापण्याच्या अटीवर कोणी बोलणार असेल, तर ती अट आधीच स्पष्ट करून घ्यायची, हा धडाही तिथलाच.

अडचण झाली ती प्रश्नावलीची. वीस प्रश्न आधी लिहून द्यायचे, ते तपासून घ्यायचे आणि त्याच क्रमाने विचारायचे, असा तिथला नियम होता. प्रात्यक्षिकासाठी मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे गेलो. विसाही प्रश्नांची उत्तरे मिळाली, गुणही चांगले पडले. पुढे लेखासाठी ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना, शेजारच्या दुकानांतल्या ठोक्यांखाली दबलेले त्यांचे एक वाक्य मला तिसऱ्या खेपेस नीट ऐकू आले: ‘हात चुकला की आधी कानाला कळतं.’ त्यावर माझा पुढचा प्रश्न होता, शासनाच्या योजनांचा लाभ मिळतो का? ते बोलत असताना मी कागदावर नववा प्रश्न शोधत होतो. वर्गात कोणीही ते ध्वनिमुद्रण ऐकले नव्हते. तपासला गेला तो कागद. ही गोष्ट मला फार लागली.

मी पुन्हा गेलो, या वेळी कागदाशिवाय. ‘काका, कानाला कळतं म्हणजे कसं?’ एवढेच विचारले. त्यांनी अर्धवट घडवलेला हंडा ओढला आणि दोन ठोके दिले. एक भरीव वाजला, दुसरा किंचित चिरका. मग मठारकामाचे, म्हणजे भांडे हातोडीने ठोकून घडवण्याचे, ठोके ओळीने का पडावे लागतात, त्याने पत्रा कसा कडक होतो, हे त्यांनी अर्धा तास उलगडून सांगितले. माझा लेख त्या अर्ध्या तासावर उभा राहिला.

शब्दांकन कष्टाचे आहे, हे मान्य करतो. तासाभराच्या बोलण्याला मला पाच तास लागतात. मोबाइलला सांगून ते उरकता येईल, पण मग आपल्या चुका आपल्याला ऐकू येत नाहीत. मी एका दमात दोन प्रश्न विचारतो आणि समोरचा त्यांतल्या सोप्याचेच उत्तर देतो, तो थांबला की मी घाईने ‘हो, हो’ म्हणून त्याचा पुढचा विचार तोडतो, हे मला टंकलेखन करतानाच कळले. कान तयार करायचा असेल, तर ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे; ऐकून आपण लिहून काढावे आणि तिथल्या पाठाशी ताडून पाहावे.

वृत्तपत्रात नोकरी हवी असणाऱ्याला प्रमाणपत्राचा उपयोग बहुधा होईल, त्याने वर्ग टाळू नये. स्वतःच्या लेखनासाठी शिकणाऱ्याने मात्र आधी चार मुलाखतींचे शब्दांकन करावे आणि कायद्यापुरता वर्ग मागाहून लावावा, असे मला वाटते. पहिल्या भेटीला कागद नेलाच, तर त्यावर तीनच प्रश्न असावेत. आणि तांबट आळीतच जाणार असाल, तर दुपारी जेवणाच्या वेळी जा. तेव्हा ठोके थांबलेले असतात.