कंपोस्टेबल रोप-पिशव्या : दीड वर्ष मातीत पुरून, परत उकरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू उशिरा येतोय. पिशव्या घेतल्या मे २०२३ मध्ये आणि लिहितेय आत्ता, कारण ज्या वस्तूचा सगळा दावाच "मातीत विरघळून जाते" असा आहे तिचा रिव्ह्यू पार्सल फोडल्या फोडल्या कसा लिहिणार? पण लोक लिहितात बरं का! मी घेताना खाली सगळे पाच-पाच स्टार होते, "व्हेरी नाइस पॅकिंग", "कलर छान आहे", "इको फ्रेंडली प्रॉडक्ट, गो ग्रीन". एकानेही पिशवी पुरून बघितली नव्हती. मी पण तेव्हा हा विचार केला नाही, हिरवं पान छापलेलं दिसलं आणि टाकली कार्टमध्ये.

तर वस्तू अशी. रोपं लावायच्या पिशव्या, साधारण ५ बाय ७ इंच, फिकट हिरव्या, हाताला थोड्या मऊ, चुरगळल्यावर आवाज कमी, वास किंचित भाजलेल्या मक्यासारखा. १०० चा पॅक ६४० रुपये, मी दोन घेतले. नर्सरीवाल्यांची काळी पिशवी किलोवर मिळते आणि एक पिशवी जेमतेम रुपयाला पडते, म्हणजे ही सहा पट महाग. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडायचं नाहीये मला, आणि अशाच पिशव्या पाच-सहा नावांनी विकतात, सगळ्यांवर मजकूर तोच.

कशासाठी घेतल्या ते सांगायला हवं नाहीतर पुढचं कळणार नाही. मी राहते डोंबिवलीला, गाव कुडाळ तालुक्यात. घरामागे आमची भरडाची (भात होत नाही अशी वरकस) जमीन आहे, उताराची, खाली जांभा. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी, वरी, कुळीथ व्हायचं. मग एकेक जण मुंबईला, सातबाऱ्यावर नावं वाढत गेली (आता २३ आहेत, त्यातले चार वारले), वानर नि गवे पीक ठेवेनात, आणि २००७ च्या आसपास शेवटची नाचणी झाली. त्यानंतर कोणी कुदळ लावली नाही. मी २०२२ च्या गणपतीत कितीतरी वर्षांनी मागे गेले तर गडगाच सापडेना! गडगा म्हणजे आमच्याकडचं दगडाचं कुंपण, लहानपणी ज्यावर बसून करवंदं खायचो तो, त्याच्यातून अक्षरशः झाडं वर आलेली, दगड इकडेतिकडे.

म्हटलं चला, आपणही दीडशे झाडं लावू, कोकम, जांभूळ, बेहडा, सातवीण. आणि रानात प्लास्टिक नको म्हणून या पिशव्या. हेतू चांगला होता हो.

आता अनुभव. पिशव्यांची पहिली परीक्षा डोंबिवलीच्या गॅलरीतच झाली. १६२ पिशव्या भरल्या, माती, शेणखत, थोडा कोकोपीट. पश्चिमेचं ऊन आणि रोजचं पाणी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वरच्या काठाचे तुकडे पडायला लागले, उचलताना बूड फाटून माती पायावर. २१ पिशव्या अशा गेल्या, त्यातली रोपं दुधाच्या पिशवीत लावून गावाला नेली (हसू नका). म्हणजे जिथे टिकायला हवी तिथे टिकली नाही. ठीक आहे, विरघळणाऱ्या वस्तूने थोडं नाजूक असावं, मी मनाची समजूत घातली, उलट बरंच वाटलं की खरी आहे म्हणजे.

जुलैत गावी जाऊन लावली. पाकिटावर लिहिलंय "पिशवीसकट लावा", मी पिशवीसकट लावली. काका बघत उभे होते, म्हणाले, "गो बाय, पिशयेसकट काय लावतंस, मुळांका वाट खंयसून मिळतली?" मी त्यांना पाकीट वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पान खात राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे दोन पावसाळे आणि अठरा महिन्यांनंतर, जी रोपं सुकली होती त्यातली ११ उकरली. वरचा काठ, जिथे ऊन लागलं होतं, तो गेला होता, भुगा. पण मातीखालची पिशवी? बहुतेक शाबूत. रंग उडालेला, दोन-तीन ठिकाणी भोकं, बूड तर असं की धुऊन परत भरता आलं असतं. आणि आत मुळं बुडाशी गोल गोल फिरलेली, जिलबीच जणू, बाहेर एकही नाही. कोकमाचं एक रोप तर नुसतं हलवलं तर पिशवीसकट हातात आलं, मातीशी त्याची ओळखच झालेली नाही दीड वर्षात. काकी म्हणाली, "माका वाटला काल लावलंस." आता आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उष्णता आहे, वाळवी आहे, गांडुळं आहेत, इथे नाही कुजली तर कुठे कुजणार?

घरी येऊन मग बारीक अक्षरं वाचली. पिशवीच्या तळाशी एक ओळ आहे, आयएसओ १७०८८. वाचत गेले तसं डोकं भणभणलं, कारण खोटं कोणी बोललेलं नाही आणि मी मात्र फसलेय.

हे मानक आहे कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं. टेस्ट कशी करतात बघा. प्लास्टिक तयार कंपोस्टमध्ये मिसळून बंद भांड्यात ठेवतात, तापमान ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास कायम, आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजत बसतात. १८० दिवसांच्या आत प्लास्टिकमधला ९० टक्के कार्बन वायू होऊन गेला पाहिजे. दुसरी टेस्ट तुकड्यांची, १२ आठवड्यांनी ते कंपोस्ट २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं, वर मूळ वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त काही उरता कामा नये. तिसरं, जड धातू मर्यादेत आहेत का. आणि चौथी मला सगळ्यात आवडली, त्या कंपोस्टमध्ये बी पेरून बघतात, साध्या कंपोस्टमध्ये जेवढं उगवतं आणि जेवढं वाढतं त्याच्या निदान ९० टक्के इथेही उगवलं-वाढलं पाहिजे. म्हणजे प्लास्टिक दिसेनासं झालं पण मागे विष ठेवून गेलं असं नको. चांगली टेस्ट आहे की! टेस्टवर माझा काही राग नाही.

राग आहे तो ५८ अंशावर. आमच्या भरडात वीतभर खाली ५८ अंश कधी असतं? पंचवीस-तीस असेल. ५८ अंश मिळतं ते शहराच्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या ढिगात, तिथे ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. या पिशव्यांमध्ये बऱ्याचदा पीएलए नावाचं प्लास्टिक असतं, मक्याच्या स्टार्चपासून बनतं म्हणून मक्याचं चित्र, आणि ते साधारण ५५-६० अंशाच्या पुढे गेल्यावरच मऊ पडतं, त्याच्या खाली ते आपलं कडक प्लास्टिकच, जंतूंना दाताखाली घेता येत नाही. सोबत पीबीएटी नावाचं दुसरं प्लास्टिक मिसळतात, ते लवचिकपणासाठी, त्याचा बराचसा भाग पेट्रोलियमपासून येतो, पण ते कुजतं. म्हणजे कुजणं हे मक्यापासून बनलंय की पेट्रोलियमपासून यावर नाही, प्लास्टिकची रचना कशी आहे आणि ते कुठे टाकलंय यावर.

मी खात्री करायला उरलेल्यातली एक पिशवी सोसायटीच्या कंपोस्ट ड्रममध्ये टाकली, तिथे आम्ही दीडशे घरांचा ओला कचरा टाकतो, हिवाळ्यात पण वाफा येतात. चार महिन्यांनी चाळलं तर नखाएवढे चार-पाच तुकडे. घ्या! तीच पिशवी.

आणि मातीसाठी वेगळी टेस्ट आहेच की. शेतात अंथरायच्या मल्चिंग फिल्मसाठी युरोपात ईएन १७०३३ नावाचं मानक २०१८ मध्ये आलं, त्यात साध्या मातीत, विशीतल्या तापमानाला, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बन गेला पाहिजे, शिवाय झाडांबरोबर गांडुळांवर आणि मातीतल्या नायट्रोजनवाल्या जिवाणूंवर काय परिणाम होतो तेही तपासतात. रोप मातीत लावायच्या पिशवीला ही टेस्ट नको का? माझ्या पिशवीवर कुठेच नाही. विकणाऱ्याला मेल केला, तीन दिवसांत उत्तर, "मॅम आमचं प्रॉडक्ट १०० टक्के सर्टिफाइड आहे", सोबत पीडीएफ. पीडीएफ उघडली तर तपासलेला नमुना होता कॅरी बॅगचा पातळ कागदासारखा फिल्म, माझी पिशवी त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड. जाडी वाढली की तुकडे व्हायला वेळ लागतो, म्हणून सर्टिफिकेट तपासलेल्या जाडीपुरतंच धरायचं असतं. हे लिहून पाठवलं, त्याला अजून उत्तर नाही.

ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांनी एवढं बघा, "बायोडिग्रेडेबल", "इको", "ग्रीन" या शब्दांना शून्य मार्क द्या. आपल्याकडे २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत कंपोस्टेबल कॅरी बॅग बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, नंबर छापलेला असतो, तो शोधा. "ऑक्सो" असं काही लिहिलं असेल तर हातच लावू नका, ते साधंच प्लास्टिक असतं, लवकर चुरा व्हावा म्हणून त्यात काहीतरी घालतात, युरोपियन युनियनने जुलै २०२१ पासून त्याच्या वस्तू विकायलाच बंदी घातलीय.

आता रोपांचं काय झालं विचाराल. १४१ पिशवीसकट लावलेली, त्यातली आज ५२ जिवंत. २१ दुधाच्या पिशवीतली, जी मी पिशवी कापून लावली होती कारण दुधाची पिशवी कुजत नाही हे मला माहीत होतं, त्यातली १४ जिवंत आणि चांगली छातीएवढी. सगळा दोष पिशवीचा नाही, गवे फिरले, आणि मार्चमध्ये शेजारच्या काजूवाल्याने गवत पेटवलं ते आमच्या कोपऱ्यात घुसलं. पण जिलबी मी डोळ्यांनी बघितली.

खरी गंमत पुढे आहे. ज्या अर्ध्या भागात मी काहीच लावलं नाही, कारण आत शिरताच येत नव्हतं, तिथे काका कोयती घेऊन मला घेऊन गेले. खालच्या कडेला अजून रानमोडीचं तण माजलेलं, पण तिच्या डोक्यावर चांदाड्याची झाडं गेलीत आणि सावलीत रानमोडी मरतेय. वर ऐन आणि किंजळ, मनगटापासून मांडीएवढे, एकेका बुंध्यातून तीन-तीन चार-चार. मी विचारलं हे बी कुठून आलं? काका म्हणाले, "बी खंयचा, ही तुझ्या आजयेच्या येळची खोडा." मग लक्षात आलं. भाजावळीसाठी (पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळायला) दरवर्षी कवळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायचे, त्यासाठी ऐन-किंजळ शेताच्या बांधावर मुद्दाम राखलेले असायचे, फांद्या छाटून छाटून बुटके केलेले. तोडणं थांबलं, मुळं तर पन्नास वर्षांची जुनी खाली होतीच, फुटवे आले आणि सतरा वर्षांत रान उभं. त्याच्यावर पक्षी बसायला लागले, त्यांच्या विष्ठेतून जांभूळ, अंजनी, करवंदं आली; खाली उक्षीच्या वेलींचं जाळं आणि कुडा. मला एका ठिकाणी उदमांजराची विष्ठा दाखवली, आत नुसत्या भेरल्या माडाच्या बिया. लावणारे हे सगळे, पिशवी कोणीच आणली नाही!

अमेरिका खंडातल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सोडून दिलेल्या शेतांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला होता, त्यात माती दहा वर्षांच्या आत सावरते पण जुन्या जंगलातल्या सगळ्या जाती आणि लाकडाचा साठा परत यायला शंभरच्या वर वर्षं लागतात असं निघालं. आमच्याकडेही तसंच दिसतं, ऐन-किंजळ आले, पण मोठ्या बियांची झाडं नाहीत, ती आणणारे धनेश अजून या बाजूला थांबत नाहीत. तेव्हा लावायचं असेल तर तीच लावावी, आणि थोडीच. कोकमाचं मात्र सांभाळून, बियांपासून केलेली निम्मी रोपं नर निघतात, फळ धरत नाहीत. रानाला चालतं, काकीला चालत नाही.

यंदा मी काय केलं तर जूनच्या पहिल्या पावसात बेहड्याच्या आणि जांभळाच्या बिया सरळ मातीत खोचल्या, रोपं हवीत तिथे पोफळीच्या विरीचे (झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचे) तुकडे गुंडाळून सुतळीने बांधले, फुकट आणि दोन पावसांत मऊ. आणि पिशव्यांचे जेवढे पैसे गेले तेवढ्यात दोन गड्यांची एक दिवसाची मजुरी देऊन डिसेंबरात काजूच्या बाजूने दहा फुटांची जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेली पट्टी) साफ करून घेतली. यंदा वणवा आत आला नाही.

मार्क : पॅकिंग, डिलिव्हरी छान. गॅलरीत पालेभाजी, मेथी-कोथिंबीर लावून दीड-दोन महिन्यांत पिशवी सोसायटीच्या कंपोस्टमध्ये टाकणार असाल तर तीन स्टार. रानात पिशवीसकट लावायला एक, तोही दिला नसता पण शून्याचं बटणच नाहीये.

माझ्याकडे ३७ पिशव्या उरल्यात. डोंबिवली पूर्वेला कोणाला हव्या असतील तर कमेंट करा, फुकट देते, फक्त लावताना ब्लेड सोबत ठेवा आणि पिशवी कापून परत घरी आणा.