साडेअकरा हजार किलोमीटरनंतर: गाडी बरी, मीटरनं डोकं खाल्लं

गाडी कुठली, इंजिन केवढं, हे इथं सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. एसी झक्कास, मागची सीट बरी, पन्हाळ्याचा घाट कुरकुर न करता चढते. आठ महिन्यांत तक्रार नव्हती. मला लिहायचंय ते मीटरबद्दल.

गेल्या महिन्यात बॅटरी उतरली. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बदलून दिली, फुकटात काम झालं म्हणून खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालो. शिरोली मागं टाकली, मीटरवर ४५, आणि ट्रक भराभर मागं पडायला लागलेले. किणी टोलनाक्याच्या अलीकडं ५० झाले आणि बीप वाजला. जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना हा बीप सक्तीचा आहे, पण तो वाजतो ८०ला. पन्नासला का कोकलतोय? कराडला बघितलं तर मीटर म्हणतो, अजून फक्त ११८ जाईल एवढंच पेट्रोल. पुणं अजून दीडशेच्या वर. गपगुमान हजाराचं टाकलं.

एकच गोष्ट गोड वाटली: मायलेज ५१! पुण्यात दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

परतल्यावर रीडिंगकडं लक्ष गेलं. ११,४०० हवं होतं, दिसतंय ७,०८३. सव्वाचार हजार किलोमीटर गेले कुठं? बायको म्हणाली, "बरं झालं की, विकताना भाव येईल." सर्व्हिस सेंटरवाल्यानं लॅपटॉप जोडला, मान हलवली, "पूर्ण मीटर बदलावा लागेल" म्हणाला आणि नुसत्या तपासणीचे ८५० घेतले. त्या रात्री एक स्टार द्यायचा म्हणून लिहायलाही बसलो होतो.

सकाळी उद्यमनगरात ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्याच्याकडचं पोरगं आत वाकलं आणि हसायलाच लागलं. "काका, हे मैल हाईत की!" आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात एमपीएच. बॅटरी काढल्यावर सेटिंग पुसलं असणार, म्हणालं. स्टिअरिंगवरचं बटण मीही दाबून बघितलं होतं, पण चालत्या गाडीत. तो मेनू गाडी उभी असतानाच उघडतो. पोरानं हँडब्रेक ओढला, बटण दाबून धरलं, सेटिंग, डिस्प्ले, युनिट, किलोमीटर. सांगितलेला चहा यायच्या आत ११,४०० परत हजर. पैसे घेईना, चहाचे तेवढे मी दिले.

घरी येऊन पुस्तिका उघडली. दीड ओळीत सगळं लिहिलेलं. म्हणजे गाडीला शिव्या देण्यात अर्थ नव्हता, एक स्टारवरून चारवर आलो. पण १९५६च्या कायद्यानं आपल्याकडं मेट्रिक मापं आली, मैलाचे दगडसुद्धा किलोमीटरचे झाले, मग इथं विकायच्या गाडीत मैल ठेवलेतच कशाला? अर्धा स्टार त्याचा कापला. ते ८५० मात्र अजून डोक्यातनं जात नाहीत. कराडचं पेट्रोलही उगाच, ११८ मैल म्हणजे १९० किलोमीटर, पुणं गाठलं असतं.

आणि ते ५१? मैल आणि इंग्लंडातला साडेचार लिटरचा गॅलन. आपल्या हिशोबात लिटरला १८. परवा दाजींना फोनवर खरं सांगितलं. थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "एक्कावन्नवरनं अठरावर? विकून टाक लगेच."