रेजिंग बुल घरी बघायचाय, तर डीव्हीडी घ्यायची, ब्लू-रे का ४के?

१९८० चा बॉक्सिंगवरचा पिक्चर, त्यात ब्लॅक अँड व्हाइट, मग कशाला एवढा खर्च, डीव्हीडी पुरे, असं मला बरेच जण म्हणतात. माझं मत बरोब्बर उलटं आहे. रंग नाहीत म्हणून तर सगळा भार काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटांवर येतो, आणि स्वस्त कॉपीत पहिल्यांदा मरतात त्या ह्याच छटा.

सुरुवातीची नावंच बघा ना. रिंगचे दोर समोर जाड काळे, मागे धूर, आणि त्या धुरात झगा घातलेला रॉबर्ट डी नीरो (तो बॉक्सर जेक लामोटा झालाय) एकटाच स्लो मोशनमध्ये हवेत ठोसे मारतोय, वर मास्कान्यीचं इंटरमेझो, म्हणजे ऑपेरातला नुसत्या वाद्यांचा तुकडा. मी हा सीन आधी स्ट्रीमिंगवर बघितला तेव्हा धुराच्या जागी चौकोनी ठिपके वळवळत होते आणि मागची गर्दी म्हणजे नुसता काळा डाग. नेट चांगलं होतं, तरी. कारण फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, तो दाबून पाठवायला डेटा भरपूर लागतो, आणि स्ट्रीमिंगवाले नेमका तोच वाचवतात. म्हणून भाड्याने घेऊन एकदा बघायचा असेल तर ठीक, पण पिक्चर आवडता असेल तर डिस्कच घ्या.

डीव्हीडीचं पटकन सांगतो. आपल्याकडच्या पाल (आपली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीत पिक्चर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनी पळतो, त्यामुळे १२९ मिनिटांचा पिक्चर साधारण १२४ मध्ये संपतो आणि आवाजाची पट्टीही बहुतेक वेळा किंचित चढते. मोठ्या टीव्हीवर चेहरे मऊ, घामाचे थेंब गायब. फुकट मिळाली तर ठेवा.

खरा प्रश्न एमजीएम स्टुडिओची २००९ ची ब्लू-रे का क्रायटेरियन ह्या डिस्क कंपनीचा २०२२ चा ४के सेट, हा आहे. जुनी ब्लू-रे वाईट अजिबात नाही, ४३ इंची टीव्हीवर लांबून बघणाऱ्याला ती पुरते, आणि सेकंडहँड स्वस्तात मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. पण ४के लावली आणि रिंगच्या दोरावरून रक्त ठिबकतं तो शॉट थांबवून बघितला, दोराचा पीळ, त्यावरचा ओलावा, मागचा अंधार, सगळं वेगवेगळं दिसतं. ग्रेनपण बारीक वाळूसारखा, आधी तो थोडा गुठळ्यागुठळ्यांचा वाटायचा. मधे लग्नाबिग्नाचे घरगुती रंगीत तुकडे येतात, फिके आणि ओरखडे पडलेले, ते मुद्दाम तसे केलेत, डिस्क खराब म्हणून परत करायला जाऊ नका.

आता आवाज, आणि इथे मी जरा हट्टी आहे. जुन्या ब्लू-रेवर ५.१ आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना वेगवेगळा आवाज, क्रायटेरियनवर २.० सराउंड, म्हणजे दोनच ट्रॅक, आणि कागदावर बघितलं की कुणालाही ५.१ भारी वाटेल. पण पिक्चर १९८० मध्ये डॉल्बी स्टिरिओत आला होता, तो मूळ बांधा २.० मध्ये जास्त घट्ट ऐकू येतो, फक्त रिसीव्हरला (स्पीकर जोडतो तो अँप्लिफायर) प्रो लॉजिक, म्हणजे दोन ट्रॅकमधून बाकीच्या स्पीकरचा आवाज वेगळा काढणारं सेटिंग, चालू करा म्हणजे संवाद मधल्या स्पीकरमधून येतील. साउंडवाल्या फ्रँक वॉर्नरने ठोशांसाठी खरबुजं-टोमॅटो फोडून आवाज घेतले होते, आणि १४ फेब्रुवारी १९५१ ची लामोटाची बॉक्सर शुगर रे रॉबिन्सनबरोबरची ती तेराव्या राउंडची फाइट आहे ना, तिथे सगळा गलका हळूहळू विरतो, एक क्षण काहीच नाही, आणि मग रॉबिन्सनचा हात खाली येतो. टीव्हीचा नाइट मोड (मोठा-लहान आवाज सारखा करणारा) चालू असेल तर ती शांतता आणि तो ठोसा एकाच उंचीवर येतात, पैसे पाण्यात. घरातली भांडणं हळू आणि फाइट मोठ्याने असंच ते आहे, सारखा रिमोट हातात घेऊ नका.

भारतातून मागवताना एक गोष्ट आधी बघा. ४के डिस्कला रीजन लॉक, म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालायचं बंधन, नसतो, पण सेटमधली दुसरी ब्लू-रे रीजन ए ची आहे आणि आपला भाग रीजन सी मध्ये येतो, म्हणजे इथल्या साध्या प्लेअरवर ती बहुतेक चालणार नाही, आणि मुलाखती वगैरे एक्स्ट्रा तिच्यावर आहेत. ४के डिस्क वाजवायला वेगळा प्लेअर नसेल तर डिस्कवाला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतो, पीएस४ नाही चालत.

५५ इंच किंवा वरचा टीव्ही आणि बरा साउंड असेल तर डोळे मिटून ४के घ्या. टीव्ही लहान आणि प्लेअर साधा असेल तर जुनी ब्लू-रे, फक्त डब्यावरचं रीजनचं अक्षर वाचून. आणि दोन्ही केसमध्ये टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणारं सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर फाइटचे सीन सिरियलसारखे गुळगुळीत दिसतील.