सीबीटी थेरपी आणि खानापूर-बेळगाव बस : काही महिन्यांनंतरचा अनुभव

बसमध्ये पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी भीती) यायचे, म्हणून गणपती झाल्यापासून सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, घेतोय. फरक पडला का? पडला, पण छातीतली धडधड गेलेली नाही. तिच्यापायी बस सोडून देणं तेवढं थांबलं.

खानापूर ते बेळगाव जेमतेम २५-२६ किलोमीटर. वाटेत मच्छे गाव आलं की मला घाम, हातापायांना मुंग्या, आता काही खरं नाही असं वाटायचं. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. (या तपासण्या आधी कराच, थायरॉइड बिघडलं तरी अशी धडधड होते.) पहिल्या समुपदेशकांनी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून बोळवण केली. तिकडे पुन्हा गेलो नाही.

मग पुण्याच्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, ऑनलाइन आणि मराठीत. पावसात आमच्याकडे लाइट आणि नेटवर्क जोडीनंच जातात, त्यामुळे कितीतरी सेशन अर्धवट तुटली. पण मॅडमनी गप्पांपेक्षा गृहपाठच जास्त दिला. त्यांनी समजावलं, भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, आणि वाढलेले ठोके बघून आपण आणखी घाबरतो. पॅनिकचा जोर बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला जातो, मग ओसरतो. आपण मात्र त्याआधीच बसमधून उतरतो आणि वाटतं, उतरलो म्हणून वाचलो! म्हणून उतरायचं नाही, हाच गृहपाठ. आधी बायकोसोबत गणेबैलपर्यंत, मग एकट्यानं, मग पिरनवाडी. दाराजवळची सीट सोडली, शेवटी धीरासाठी हातात धरलेली पाण्याची बाटलीही. हसू नका, बाटली सोडणं सगळ्यात जड गेलं.

सायकियाट्रिस्टनी एसएसआरआय गटातली, चिंता-नैराश्यावरची गोळीही दिली. सुरुवातीला मळमळ, गुण यायला काही आठवडे. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नये, हे त्यांनी दोनदा बजावलं.

खर्च टोचतो. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण माझी पॉलिसी अ‍ॅडमिट झालं तरच पैसे देते, सेशनची फी खिशातून. परवडत नसेल तर धारवाडला डिम्हान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

सध्याचा गृहपाठ शनिवार संध्याकाळची, बेळगावच्या बाजारातली गर्दीची गणपत गल्ली. अजून मारुती गल्लीच्या कोपऱ्यावरूनच परततो.