राखीव रेग्युलेटर: छातीवरची क्लिप की गळ्यातली दोरी?
स्कूबा डायव्हिंग करताना टाकीतली हवा घेण्यासाठी तोंडात धरायचे साधन म्हणजे रेग्युलेटर. जोडीदाराची हवा संपली तर कामी येणारा दुसरा, राखीव रेग्युलेटर मोकळा लोंबत राहिला, तर तो वाळूत घासतो, प्रवाळात अडकतो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी हाताला लागत नाही. छातीवरच्या क्लिपमध्ये अडकवलेला, पिवळ्या नळीचा रेग्युलेटर जोडीदाराला चटकन दिसतो. मात्र क्लिप सैल झाली की तो नकळत निसटतो. गळ्यातल्या लवचिक दोरीत तो हनुवटीखालीच राहतो आणि हात न लावताही तोंडात घेता येतो, त्यामुळे हवा संपलेल्या जोडीदाराला आपल्या तोंडातला, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर देता येतो. यासाठी तोंडातल्या मुख्य रेग्युलेटरची नळी लांब, १.५ ते २ मीटरची असावी आणि दोघांचाही सराव झालेला असावा. घाबरलेला माणूस पुष्कळदा समोरच्याच्या तोंडातलाच रेग्युलेटर ओढतो, म्हणून मला दोरीच अधिक भरवशाची वाटते.