दांडिया बाजारातला अ‍ॅरिस्टॉटल वाचनवर्ग
वडोदऱ्यातल्या या मराठी वर्गात ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘प्राण्यांचे अवयव’ या ग्रंथातला तिसरा भाग घेतात, निवड अचूक. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, शिंगवाल्या प्राण्यांना वरचे पुढचे दात नसतात, कारण ते कठीण द्रव्य शिंगांत खर्ची पडतं. दात अपुरे, म्हणून जठरं अनेक. ही साखळी फळ्यावर सुरेख उलगडतात. मग उंट! त्याला शिंगं नाहीत, तरीही अ‍ॅरिस्टॉटलच्या मते वरचे पुढचे दात नाहीत: काटेरी चाऱ्यासाठी टाळू कठीण लागते, द्रव्य तिथे जातं. हा अपवाद पूर्ण तास खातो, आणि खायलाच हवा.

सारतत्त्व, म्हणजे एखादी गोष्ट मुळात काय आहे हे सांगणारी त्याची कल्पना, मात्र घाईत उरकतात. आधी ग्रहणाचं उदाहरण घ्यावं: पृथ्वी मध्ये आल्यानं चंद्राचा प्रकाश जाणं, यात व्याख्येतच कारण येतं. हे उदाहरण राहून गेलं की नवखे प्रत्येक अवयवाचा फक्त उपयोग शोधत बसतात. तरी जरूर जावं.