खासगी की बिझनेस? विदर्भातल्या दुकानदार-कारखानदारांसाठी प्रवासाच्या दोन महागड्या कार्डांची पारख

एचडीएफसी बँकेचं डायनर्स क्लब ब्लॅक मेटल हे खासगी क्रेडिट कार्ड आणि त्याच बँकेचं बिझब्लॅक मेटल हे बिझनेस क्रेडिट कार्ड. दोन्ही समोरासमोर ठेवली तर पहिल्या नजरेत फरक दिसत नाही. फी दोन्हींची १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातचे ११,८०० गेले. दर १५० रुपयांच्या खर्चाला ५ पॉइंट दोन्हींकडे. बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर एका पॉइंटचा एक रुपया. त्यामुळे कार्ड विकायला आलेला माणूस सरळ सांगतो, "भाऊ, दुकान आहे ना तुमचं, मग बिझनेसचंच घ्या." आणि अर्ज भरून घेतो.

दुकान असणं हा निकषच नाही. तुमचा वर्षाचा पैसा नेमका कुठे जातो, यावर हा निर्णय ठरतो. कार्डाचं पत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या बारा महिन्यांचं चालू खात्याचं स्टेटमेंट घेऊन बसा. सरकारी भरणा किती, दुकानात किंवा मशीनवर कार्ड चालेल असा खर्च किती आणि कार्ड चालणारच नाही असा किती, अशा तीन बेरजा करा. आपल्या भागात तिसरी बेरीज बहुतेक वेळा सगळ्यात मोठी निघते. कास्तकाराचा चुकारा (त्याच्या मालाचे पैसे), हमाली, ट्रकभाडं, अडत्याचा हिशेब यातलं काहीच कार्डावर जात नाही. मध्यंतरी काही ॲप बिझनेस कार्डावरून पैसे घेऊन समोरच्याच्या बँक खात्यात टाकत असत. कार्ड न स्वीकारणाऱ्यांना असे पैसे देणं रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवलं. त्या वाटेच्या भरवशावर कुणी हिशेब मांडून दाखवत असेल तर तो कागद परत करा. ट्रॅक्टरच्या आणि गाडीच्या डिझेलवर दोन्ही कार्डांत पॉइंट नाहीत. तोही आकडा बेरजेतून काढून टाका.

खरा फरक पहिल्या बेरजेत आहे. जानेवारी २०२३ पासून या बँकेच्या खासगी कार्डांवर सरकारी भरण्याला एकही पॉइंट मिळत नाही. बिझनेस कार्डांना त्यातून वगळलेलं होतं. बिझब्लॅक बाजारात आलं तेच मुळात या मुद्द्यावर: स्टेटमेंटच्या महिन्यात किमान ५०,००० रुपये खर्च केले तर आयकर, जीएसटी आणि ठरावीक धंद्याच्या बिलांवर पाचपट पॉइंट, आणि त्यातल्या वाढीव पॉइंटना महिन्याला ७,५०० ची मर्यादा.

जिनिंगवाल्यासाठी ही गोष्ट मोठी आहे. कास्तकाराकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के जीएसटी उलट आकारणीने खरेदीदारालाच भरावा लागतो. तो आयटीसीतून (खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटमधून) वळता करता येत नाही, रोख खात्यातूनच भरावा लागतो. त्याचं क्रेडिट नंतर मिळतं ते वेगळं. महिन्याला २० लाखांचा कापूस घेतला तर १ लाख रुपये पोर्टलवर खरोखर भरावे लागतात. जीएसटी पोर्टलवर कार्डाने भरायची सोय आहे. चलन तयार करताना ई-पेमेंट निवडलं की कार्डाचा पर्याय येतो आणि गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन भरणा करून देणाऱ्या सेवेचं शुल्क पडद्यावर दिसतं. ते शुल्क आधी कागदावर लिहून घ्या. समजा, शुल्क १ टक्का अधिक जीएसटी पडलं. १ लाखाला १,१८० रुपये गेले. पहिल्या ५६,२५० रुपयांवर मूळ १,८७५ आणि वाढीव ७,५०० पॉइंट आले, की मर्यादा संपली. उरलेल्या ४३,७५० रुपयांवर साधे १,४५० च्या आसपास. एकूण साधारण १०,८०० पॉइंट. तोच भरणा खासगी कार्डावर केला असता तर शुल्क तेवढंच आणि पॉइंट शून्य.

यावरून दोन गोष्टी निघतात. सगळा कर एकाच महिन्यात एका दणक्यात भरून फायदा वाढत नाही, कारण मर्यादा महिन्याची आहे. दुसरी गोष्ट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाचा हंगाम, नंतर मशीन बंद. बारा महिने असाच फायदा मिळेल असं गृहीत धरून फीचं गणित मांडू नका. आणि कराच्या भरण्यावरचे पॉइंट हीच बँका सगळ्यात आधी कात्री लावतात अशी जागा आहे. अर्ज करायच्या दिवशी वेबसाइटवरच्या अटींचा कागद उतरवून घ्या आणि त्यात जीएसटी, आयकर हे शब्द कुठे येतात ते शोधा. शाखेतल्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

फीवरच्या १,८०० रुपयांच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, हा बिझनेस कार्डाचा नेहमी सांगितला जाणारा गुण. मिळतं, पण सरसकट सगळ्यांना नाही. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर क्रेडिट घेताच येत नाही. वरुड-मोर्शीकडचा फक्त ताज्या संत्र्याचा व्यापारी असाल तर माल करमुक्त, बहुधा नोंदणीच नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याचं प्रकरण किचकट: बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. सामायिक खर्चाचं क्रेडिट अशा वेळी करपात्र विक्रीच्या प्रमाणातच घ्यावं लागतं. म्हणजे १,८०० तले हजारएक हाती लागतील आणि त्यासाठी सीएच्या टेबलावर आणखी एक कागद जाईल. शिवाय बँकेच्या नोंदीत तुमचा जीएसटी नंबर चढलेला असला तरच ही रक्कम पोर्टलवरच्या २बी या क्रेडिटच्या तक्त्यात दिसते. कार्ड हातात पडलं की पहिलं बिल निघायच्या आत तो चढवून घ्या. मागच्या तारखेचं बिल नंतर दुरुस्त करून मिळवणं फार जिकिरीचं.

प्रवासाच्या क्रेडिटचंही असंच. विमानाचं तिकीट काढताना जीएसटी नंबर टाका, कंपनीचं करबिल वेगळं उतरवा. हॉटेलात मात्र राज्य बघा. हैदराबादला मुक्काम केला तर हॉटेल तेलंगणाचा कर लावतं आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला तो परत मिळत नाही. मुंबई-पुण्यात मिळतो.

आता दिवसांचा हिशेब. खासगी कार्डावर बिनव्याजी मुदत जास्तीत जास्त ५० दिवस, बिझनेसवर ५५. स्टेटमेंट निघाल्यावर खासगीत सुमारे २० दिवस मिळतात, बिझनेसमध्ये २५. कागदावर पाचच दिवस, पण तारीख नीट बसवली तर त्यांना अर्थ येतो. जीएसटीच्या ३बी या मासिक विवरणपत्राची मुदत महिन्याची २० तारीख. स्टेटमेंट १८ तारखेला निघत असेल आणि कर १९ ला भरला तर जवळजवळ पूर्ण मुदत पदरात पडते. तेच स्टेटमेंट २२ ला निघत असेल तर महिनाभराची मुदत फुकट गेली. बिलिंगची तारीख किमान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कार्डधारकाला दिला आहे. तो वापरा.

पण या ५५ दिवसांवर खरिपाची उधारी पेलायला जाऊ नये, हे ठासून सांगायला हवं. मे-जूनमध्ये भरलेल्या मालाचे पैसे कास्तकाराकडून दिवाळीनंतर येतात. कार्डाचं बिल जुलै-ऑगस्टलाच दारात उभं राहतं. एकदा बाकी पुढे ढकलली की नव्या खर्चालाही बिनव्याजी मुदत उरत नाही आणि व्याज खर्चाच्या दिवसापासून चढतं. वर्षभराचे पॉइंट दोन महिन्यांच्या व्याजात वाहून जातात. त्या कामासाठी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची फिरती कर्जमर्यादा आहे.

आणि थकलं तर? "ते धंद्याचं कार्ड आहे, माझ्या सिबिलला काय होणार," असा एक समज आहे. मालकी फर्म असेल तर पॅन तुमचाच, जबाबदारीही तुमचीच. बिझब्लॅकचा थकलेला हप्ता तुमच्याच नावावर बसतो आणि पुढच्या पीककर्जाला किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाला आडवा येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. धंद्याची खरेदी खासगी कार्डावर करत राहिलात आणि वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाखांच्या वर भरणा झाला, तर ती माहिती बँकेकडून आयकर खात्याला जाते आणि तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रात आकडा लहान, आणि कार्डाचा भरणा मोठा, अशी जोडी दिसली की विचारणा येऊ शकते. उत्तर देता येतं, पण मग प्रत्येक ओळ धंद्याची की घरची हे सिद्ध करत बसावं लागतं. निव्वळ या एका कारणासाठी, म्हणजे वह्या वेगळ्या राहाव्यात म्हणून, बिझनेस कार्ड घेणं आम्हाला रास्त वाटतं.

मग खासगी कार्ड कुणासाठी? तालुक्याचा डॉक्टर, प्राध्यापक, ज्यांचा धंदा चुकाऱ्याचा आहे आणि कराचा भरणा किरकोळ आहे असा व्यापारी, आणि ज्यांचा कार्डाचा खर्च मुख्यतः घरचा आहे ते सगळे. त्यांच्यासाठी डायनर्स ब्लॅक मेटलवर तिमाहीत ४ लाख खर्चाला १०,००० जादा पॉइंट आहेत. घरात लग्न असेल, कापड, भांडी, हॉल, केटरिंग सगळं एका तिमाहीत येत असेल, तर हा टप्पा गाठला जातो. एरवी गाठायच्या नादाला लागू नये. फी माफीसाठी डायनर्सवर वर्षाला ८ लाख खर्च लागतो, बिझब्लॅकवर साडेसात लाख. परदेशी चलनावर या खासगी कार्डाला २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के पडतात. मुलगा-मुलगी बाहेरदेशी शिकत असतील त्यांनी हे पाहून ठेवावं.

विमान आपल्याला पकडायचं ते नागपूरहून. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली, त्यामुळे दर्यापूर-अचलपूरकडच्यांना एक जवळची वाट मिळाली. लाउंज, हॉटेलच्या सवलती वगैरेंवर दोन कार्डांत निवड करण्यात वेळ घालवू नका. वर्षातून विमानाच्या दोन-चार फेऱ्याही होत नसतील तर दोन्ही कार्डं सोडून द्या. पॉइंट रोखीत वळवले तर रुपयाच्या जागी ३० पैसे हाती येतात, आणि मग ११,८०० ची फी कशानेच निघत नाही. विमानाचं तिकीट काढतानाही डायनर्स ब्लॅकवर ७० टक्केच रक्कम पॉइंटातून जाते, बाकी ३० टक्के कार्डावर.

गावात डायनर्सचं चिन्ह असलेलं मशीन क्वचितच सापडतं. किराणा, मेडिकल, हार्डवेअर सगळीकडे क्यूआर लावलेला असतो, आणि क्यूआरवर क्रेडिट कार्ड चालतं ते फक्त रुपेचं, तेही दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तर. बचत खात्याच्या क्यूआरवर ते चालत नाही. म्हणून जोडीला कुठल्याही बँकेचं कमी फीचं रुपे कार्ड ठेवा.

अर्जाला उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता, दोन वर्षांची विवरणपत्रं आणि चालू खात्याचं स्टेटमेंट लागतं. सगळ्या कागदांवर फर्मचं नाव एकाच स्पेलिंगने हवं. "ट्रेडर्स" आणि "ट्रेडिंग" एवढ्या फरकावर अर्ज अडतो. दुसरं अडणं पिनकोडचं. गावचा पिनकोड बँकेच्या यादीत नसला की अर्ज कारण न सांगता परत येतो. तालुक्याच्या दुकानाचा किंवा यवतमाळ-अमरावतीच्या कार्यालयाचा पत्ता पुराव्यासह द्या. मोबाइल नंबर मालकाचा दिलात तर कर भरताना ओटीपीही मालकाकडेच येणार. मुनीम कार्यालयात, मालक रेंज नसलेल्या शेतात, आणि २० तारखेची संध्याकाळ. ईमेलवरही ओटीपी येईल अशी सोय आधीच करून घ्या.

पहिल्या वर्षानंतर गणित जमलं नाही तर फी लागायच्या महिनाभर आधी बंद करा, पण आधी पॉइंट तिकिटात वळवा, कारण कार्डाबरोबर तेही जातात. बाकी शून्य करून बंद करण्याची विनंती लेखी द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुम्हाला देणं लागतं. विनंतीचा नंबर जपून ठेवा.